बेचाळीस ते एकाहत्तर किलोमीटर

रुवैदा कॅम्प, अल खर्जच्या पुढे
सोमवार, १२ मार्च २००७

प्रिय चंदन,

आधी एक काम कर. पासपोर्ट अजून घरात असेल तर घरातच राहू दे. हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते ठरव. पत्र तुझ्या हातात देईल तो जलाल. जैतापूरचा आहे, इथे दुधाचा टँकर चालवतो, गुरुवारी सुट्टीवर निघतोय. लांज्याला गाडी थांबली की खाली उतरून तुला फोन करणार आहे. त्याला चहा पाज, पण त्याच्यासमोर पत्र फोडू नकोस. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त त्याच्या पोटात काही राहत नाही. आणि तुझा चेहरा वाचायला काही शाळेत जावं लागत नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पंचवीस तारखेच्या आत मुंबईला एजंटच्या हातात पासपोर्ट द्यायचाय, चिरेखाणीच्या मालकाला सांगून झालंय, ममताही रडूनबिडून अखेर तयार झालीय, आता मी फक्त ‘ये’ म्हणायचं बाकी आहे, असं तू लिहिलंस. मेल्या, तुझ्यासारख्या माणसाने एवढं मोठं ओझं दुसऱ्याच्या एका शब्दावर टाकावं का? पण तू टाकलंस, आणि टाकावंस अशीच व्यवस्था मी केली होती. तेच सगळं आज सांगायचं आहे. जरा घुटमळत सांगेन, सांभाळून घे.

मागच्या पत्रात मी ‘इकडे सर्व कुशल’ असं लिहिलं होतं. या वेळी तसं लिहीत नाही. तब्येत ठणठणीत आहे, घाबरू नकोस. पण एका जागी बसवत नाही रे. हे पत्रसुद्धा बघ, पहिल्या चार ओळी मशीनच्या केबिनमध्ये लिहिल्या, मग उतरलो, मग कॅम्पच्या मेसमध्ये बसलो, तिथून उठून आता पाण्याच्या टाकीखाली सावलीत आलोय. वर्षभरात मी खोलीत माझ्या खाटेची जागा चार वेळा बदलली. दाराजवळ, मग खिडकीखाली, मग एसीसमोर, मग परत दाराजवळ. पोरं चेष्टा करतात, म्हणतात ज्ञानेशभाईंची खाटपण ड्यूटीवर असते. मी हसतो. शुक्रवारी सुट्टी असते, बाकीचे झोपतात, कपडे धुतात, खर्जला बाजारात जातात. मी रस्त्याच्या कडेने चालायला लागतो. तासभर एका दिशेला आणि तासभर परत. कुठे जायचं असतं असं नाही. पहिल्या पहिल्यांदा गाड्या थांबायच्या, लोकांना वाटायचं माझी गाडी बंद पडलीय. आता सगळ्यांना माहीत झालंय, कोणी थांबत नाही.

रस्त्याबद्दल मी तुला मागे भरभरून लिहिलं होतं. सरळसोट रस्ता, एक खड्डा नाही, एक वळण नाही, नुसती मशीन घेऊन जायची आणि यायची. त्यातलं एक अक्षर खोटं नाही. फक्त मी अर्धंच लिहिलं. उरलेलं अर्धं आता ऐक. हा काही हायवे नव्हे. रियाधहून येणारा मोठा रस्ता खर्जला येतो, मोठ्या गाड्या आणि कामाची माणसं तिथूनच आपापल्या वाटेला लागतात. आमचा रस्ता तिथून फुटतो आणि रुवैदा, उम्म सिदर, ऐन हमद या तीन गावांना शिवत सव्वाशे किलोमीटर जातो नि ऐन हमदला संपतो. पुढे काहीच नाही. तिथल्या मशिदीसमोर डांबर संपतं आणि शेळ्यांची वाट सुरू होते. दोन गाड्या कशाबशा शेजारून जातील एवढी रुंदी, मध्ये पिवळी रेघ, तीही जागोजाग पुसलेली. गाव म्हणजे तरी काय, एक पेट्रोल पंप, एक बकाला म्हणजे किराणा दुकान, एक शाळा, एक टायरवाला, आणि उंच उंच भिंतींची घरं. त्या भिंतींच्या आत काय असतं ते मला साडेसात वर्षांत कळलेलं नाही.

सुरुवातीचे तीस-पस्तीस किलोमीटर बरे आहेत. दोन्ही बाजूंना बरसीमची शेतं. बरसीम म्हणजे गाईंचा हिरवा चारा. पाण्याचा लांबलचक पाइप चाकांवर उभा केलेला असतो, तो एका खुंट्याभोवती गोल फिरतो, म्हणून शेतही गोल. तिथेच दूधवाल्यांचे गोठे आहेत. तुला सांगितलं तर खोटं वाटेल, उन्हाळ्यात गाईंवर पाण्याचे फवारे सोडतात आणि वर पंखे लावतात. जलाल म्हणतो, पुढच्या जन्मी गाईचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मिळाला तर बघू. पण चाळीस किलोमीटरच्या पुढे हे सगळं संपतं. मग नुसता माळ. आपल्याकडचा सडा तुला माहीत आहे, कातळ असतो, करवंदीची जाळी असते, लांब कुठे तरी समुद्र आहे हे नाकाला कळतं. इथे नजर जाते ती जातच राहते, तिला टेकायला काही सापडत नाही. सध्या थंडीतल्या पावसाने बोटभर गवत आलंय, रियाधची बिऱ्हाडं तंबू ठोकून बसलीत, पोरं पतंग उडवतात. महिनाभराने गवत जळून जाईल, तंबू उठतील, आणि माळ होता तसा होईल.

माझं काम बेचाळीस ते एकाहत्तर किलोमीटर. तेवढ्याच पट्ट्यात बाजूला वाळूच्या टेकड्या आहेत. वारा सुटला की वाळू रस्त्यावर येते, आधी पातळ पापुद्रा, मग गुडघाभर ढीग. ती शेवलने उचलायची आणि वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला टाकायची. शेवल म्हणजे आपला लोडरच, पुढे बकेट असतं तो. पहाटेच्या नमाजाची बांग झाली की निघायचं, दुपारी एकपर्यंत पट्टा साफ करायचा. दुसऱ्या दिवशी परत गेलं की परत तिथेच वाळू. तू मशीन चालवतोस, तुला मी काय सांगू. चिरेखाणीत दिवसभर राबलं तर संध्याकाळी खाण चार हात खोल झालेली दिसते, चिऱ्यांची थप्पी लागलेली दिसते, ट्रक भरून जातो, त्या चिऱ्यांचं कोणाचं तरी घर होतं. इथे संध्याकाळी मागे वळून बघितलं तर काय दिसतं? रस्ता. तो सकाळीही होताच. मी मागच्या पत्रात ‘काम हलकं आहे’ असं लिहिलं, आणि हलकंच आहे ते.

या रस्त्यावर कोणी लांबचा येत नाही. तीच दहा-पंधरा माणसं, त्याच गाड्या. उम्म सिदरच्या शाळेत एक मास्तर होता, रोज सकाळी पांढऱ्या पिकअपमधून जायचा. मला बघितलं की स्टिअरिंगवरचा हात न उचलता नुसतं एक बोट वर करायचा. मीही करायचो. पाच वर्षं. एकदा उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि पांढऱ्या पिकअपमधून दुसराच कोणी तरी गेला. बदलून गेला, का मेला, का नवी गाडी घेतली, कोणाला विचारू? नाव माहीत नव्हतं. तो आठवडा माझं जेवणात लक्ष नव्हतं, तेव्हा मेसवाल्याने विचारलं की घरून काही वाईट बातमी आहे का. आता त्याला काय सांगणार, की ज्याच्याशी मी कधी बोललो नाही तो मास्तर दिसेनासा झाला म्हणून? डोकं फिरलंय म्हणाला असता.

घरच्याबद्दल लिहितो. तू अमिताला अधूनमधून भेटतोस, तुझ्या पत्रात ‘वहिनी मजेत’ एवढंच असतं. मजेत आहेच ती, तोच तर घोळ आहे. दर शुक्रवारी मी फोन करतो. आधी ती पहिलं वाक्य ‘कधी येताय’ असं बोलायची, मला वैताग यायचा. गेली दोन वर्षं विचारत नाही. अंगणवाडीतल्या पोरांचं सांगते, मयूरीच्या परीक्षेचं सांगते. विहिरीचा पंप जळला होता, तो तिने रत्नागिरीला पाठवून भरून आणला, हे मला महिन्यानंतर कळलं. पडवीवरची कौलं बदलली, तेही झाल्यावर. रागाने नाही रे, सहज सांगते, शेजारणीला सांगावं तसं. पूर्वी विचारायची, आता सांगते. मी दूर राहून घर चालवतोय अशा समजुतीत होतो, आणि घर माझ्याशिवाय चालायला लागलं.

२००४ साली सुट्टीवर आलो होतो तेव्हा तुझ्याकडे जेवायला आलो त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ही मी कोणाला सांगितलेली नाही. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तांब्या-भांडं जिथे असायचं तिथे नव्हतं. एक फळी बघितली, दुसरी बघितली, कपाट उघडलं तर त्यात मसाल्याचे डबे. अमिता आली, म्हणाली तुम्ही बसा, मी देते. मी बाहेर येऊन खुर्चीवर बसलो, पाहुणा बसतो तसा. मयूरी सहा वर्षांची होती. तिने आईला हळूच विचारलं की बाबा किती दिवस आहेत. अमिता म्हणाली चाळीस. पोरगी बोटं मोजायला लागली, आणि तिला चाळीस जास्त वाटले की कमी ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना. चंदन, मला स्वतःच्या मुलीचा चेहरा कळेना. त्या दिवसापासून मला इथून जायचंय. चैनीला म्हणून नाही, थकलो म्हणूनही नाही. अजून दोन-तीन वर्षं गेली तर त्या घरात परत बसायला जागा उरणार नाही, याची मला भीती वाटते. हे आज सरळ लिहून टाकतो.

मग जात का नाहीस, असं तू म्हणशील. इथे आता जलाल येऊन गेला, मी पत्र घडी करून खिशात घातलं, तो म्हणाला एवढं काय लिहितोस, प्रेमपत्र आहे का. हो म्हटलं. आता परत केबिनमध्ये बसून लिहितोय. मंगळवार आहे.

मी इथे कसा आलो ते तुला माहीत आहे, पण अर्धंच. गुहागरचे कादिरभाई आठवतात? आपण लांज्याच्या खाणीवर होतो तेव्हा चार महिने तिथे मशीनवर आले होते, मग सौदीला गेले. नव्याण्णव साली त्यांचं पत्र आलं, शेवलवर जागा आहे, ये, खोलीत माझ्या शेजारची खाट रिकामी आहे. मी ते पत्र तुला वाचून दाखवलं होतं. अमिताला मी म्हटलं होतं, काळजी कशाला, आपला माणूस आहे तिथे. आलो. कादिरभाईंनी एअरपोर्टवर मिठी मारली, खर्जला मटण खाऊ घातलं, चार दिवस केबिनमध्ये शेजारी बसवून पट्टा दाखवला. वाळू कुठे जमते, उंट कुठून आडवे येतात, पाणी कुठे मिळतं, सगळं. पाचव्या दिवशी सकाळी उठलो तर त्यांची बॅग दारात बांधलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, ‘‘माफ कर ज्ञानेश, मला माझी अम्मी बघायची होती.’’ आणि गाडीत बसून गेले. त्यांच्या शेजारची खाट रिकामी होती, ते खरं होतं. मी आल्यावर दुसरीही रिकामी झाली, एवढंच.

आमच्याकडचा दस्तूरच तसा आहे. सगळ्या सौदीत असं चालतं असं नाही, पण आमच्या कफीलाकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा असतो त्या मालकाकडे, चालतं. पासपोर्ट त्याच्या टेबलाच्या खणात असतात. म्हातारा वाईट नाही, ईदला खजूर पाठवतो, पगार थकवत नाही, तोंडून कधी वावगा शब्द नाही. पण कायमचं जायचं म्हटलं की लागतो खुरूजचा शिक्का, आणि तो शिक्का तो एकाच अटीवर देतो. २००४ला परत आल्यावर पंधरा दिवसांतच मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो होतो. त्याने गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, पाजला आणि म्हणाला, ‘‘तुझ्यासारखा एक आण, तो आला की त्या आठवड्यात जा.’’ मी कोणीतरी चालेल म्हणून एक आणला, बिहारचा, ओळखीतून. तीन महिन्यांत तो रात्रीत निघून दम्मामला पळाला. तेव्हापासून अट वाढली. तुझ्या गावचा हवा, तुझ्या हाताखाली शिकलेला हवा, ज्याचं घर तुला माहीत आहे असा हवा. म्हणजे पळणार नाही. आणि तोवर साधी सुट्टीही बंद. कादिरभाईंनी मला का निवडलं ते तेव्हा डोक्यात शिरलं. त्या माणसाला मी पाच वर्षं शिव्या घातल्या होत्या. शिव्या घालत घालत, माझ्या हाताखाली शिकलेला कोण कोण आहे, याची मनात यादी करायला लागलो. यादी लांब नव्हती. तुला लोडर कोणी शिकवला, आठवतंय ना?

आता तुला सगळं दिसलं असेल. मी मागच्या डिसेंबरात तुला जे पत्र लिहिलं, ते चार वेळा लिहिलं होतं. खोटं एकही वाक्य घालायचं नाही, असा माझा कटाक्ष होता. म्हणजे पुढे तू मला दोष देऊ शकला नसतास. जागा आहे, लिहिलं. काम हलकं, लिहिलं. खोलीत माझ्या शेजारची खाट रिकामी आहे, हेही लिहिलं, आणि लिहिताना ही ओळ कोणाची आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. कोणाची जागा, हे तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. आबांचं काय, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी म्हटलं, माणूस ठेवता येईल की. तुझ्या वडलांचा पाय गेल्यापासून रोज सकाळी त्यांना उचलून न्हाणीत नेणारा तू, ममताला ते झेपत नाही, आणि परक्या माणसाला ते अंगाला हात लावू देत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं. मग ‘ये’ म्हणायचं तेवढं राहिलं होतं. ते मी तुझ्या पत्राच्या उत्तरात म्हणणार होतो.

आणि तुझं पत्र आलं. तुझ्या मजकुराखाली दोन ओळी आबांनी तुझ्याकडून लिहून घेतल्या आहेत. तू त्या लिहिताना विशेष विचार केला नसशील. ‘‘पोराला मी कुठे पाठवला नसता. ज्ञानेश तिथे आहे, म्हणून पाठवतो. धोंडीराम.’’ पुढे त्यांची सही, वाकडी, कागद फाटेल इतकी दाबून केलेली. माझे वडील गेले त्या वर्षी या माणसाने मला वर्षभर स्वतःच्या ताटात जेवायला बसवलं, तुला पाट नव्हता तरी मला दिला. तुला तेव्हा माझा राग यायचा, तू लपून चिमटे काढायचास. शनिवारी त्या दोन ओळी वाचल्या आणि रविवारी कामावर जाऊन मी पहिल्यांदाच पट्टा अर्धा सोडून परत आलो. मॅनेजरने विचारलं काय झालं. पोट बिघडलं म्हटलं. परतताना गोठ्यांपाशी थांबून मशीनमध्ये नुसताच रडत होतो, मशीन चालू, बकेट वर, आणि दुधाचे टँकर बाजूने हॉर्न मारत जात होते. त्यात जलालही होता म्हणे.

आज बुधवार. आता शेवटचं सांगतो, कारण संध्याकाळी जलालची बॅग बंद होईल. तुझ्या पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो मी जानेवारीतच मॅनेजरकडे दिलेत, व्हिसा तुझ्या नावावर निघालाय. तू ज्या दिवशी उतरशील त्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी मी गेलेला असेन. तुझा माणूस इथे असणार नाही, आणि तुला सुटायचं असेल तर एक दिवस तूही लांज्याला असंच पत्र लिहिशील. मला उमज पडली तशी रविवारी दुपारी मी कागद परत मागायला ऑफिसात गेलो. मॅनेजरने चहा मागवला, मी चहा पिऊन आलो. काल परत गेलो. त्याने हसून सांगितलं, ज्ञानेश, तुझ्या खुरूजचा फॉर्म भरून झालाय, बघायचाय का? दाखवला. माझा फोटो, माझं नाव, खाली सहीची जागा. मी बघितला आणि परत आलो. तिसऱ्यांदा गेलो तरी तेच होणार. मी स्वतःला आता चांगला ओळखतो. म्हणून हे पत्र आहे. पुढच्या बुधवारी, एकवीस तारखेला, तुमच्याकडच्या साडेचारला मॅनेजर तुला मोबाइलवर फोन करणार आहे, एजंटला पैसे भरण्याआधी माणसाच्या तोंडून ऐकायचं अशी त्यांची पद्धत आहे. फोन स्पीकरवर असेल, कफील खुर्चीत असेल, आणि मी समोर उभा असेन. तो हिंदीत विचारील, आ रहे हो ना? त्यानंतर तो फोन माझ्याकडे देईल, आणि मी तुला ‘ये रे, मी आहे’ असंही म्हणेन बहुतेक, कारण दोघेही माझ्याकडे बघत असतील, आणि तो फॉर्म टेबलावर असेल. माझं ऐकू नकोस. माझ्या आवाजात काहीही असलं तरी ऐकू नकोस. हे वाचूनही तू हो म्हणालास तर मी तुला अडवणार नाही, चार दिवस पट्टा दाखवीन आणि पाचव्या दिवशी निघेन, एवढा मी आता उरलोय. म्हणून तू नाही म्हण, चंदन. माझ्याच्याने ते म्हणवत नाही.

तुझाच,
ज्ञानेश